ट्रायलसाठी टीम तयार करताना

क्लिनिकल ट्रायलची, म्हणजे माणसांवर औषधाची चाचणी घेणारी, टीम घडवायची तर आधी माणसं नीट निवडा. नवी मुंबईत बी.फार्म झालेली मुलं भरपूर मिळतात, पण नुसती तीच नको, सोबत एखादी नर्स, वस्तीत काम केलेली ताई घ्या, आगरी, हिंदी, उर्दू बोलणारे घ्या, कारण दिघ्यातली मावशी आपल्या बोलीत विचारलं तरच खरं सांगते की दोन दिवस गोळी घेतलीच नाही.

जीसीपी (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, ट्रायल नीट चालवायची मार्गदर्शक तत्त्वं) आणि आपल्याकडचे क्लिनिकल ट्रायलचे २०१९ चे नियम सुरुवातीलाच शिकवा, पेशंटला गंभीर त्रास झाला की २४ तासांत कळवायचं हे पाठच हवं.

मग पेशंटला सगळं समजावून त्याची संमती घेण्याचा सराव, इथे घाई अजिबात नको. एकाने पेशंट व्हायचं, दुसऱ्याने समजवायचं, आणि शेवटी "कळलं का?" विचारायचं नाही, सगळे हो म्हणतात, त्यापेक्षा "मावशी, घरी काकांना काय सांगाल?" विचारा. ट्रायल मधेच सोडता येते हे तिच्या तोंडून आलं पाहिजे. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार हवाच, नुसता अंगठा घेऊन मोकळं व्हायचं नाही.

नोंदीत चुकलं तर व्हाइटनर नाही, एक रेघ मारून सही, तारीख.