फॉस्फो-ईआरकेचा बँड गायब? नवी अँटिबॉडी मागवण्याआधी या चुका टाळा

वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून पटलावर अँटिबॉडीने ओळखण्याची चाचणी) कोरा आला की पहिला संशय अँटिबॉडीवरच जातो. माझाही गेला होता. ईआरके हे पेशीत संदेश पोहोचवणारं प्रथिन; फॉस्फो-ईआरके म्हणजे त्याचं फॉस्फेट जोडलेलं रूप. त्याचे 44 आणि 42 किलोडाल्टनचे (प्रथिनाच्या वजनाचं एकक) दोन बँड, म्हणजे पट्टे, शेजारी शेजारी दिसायला हवेत. सलग तीन ब्लॉटवर काहीच नाही. नवी कुपी मागवायला निघाले, तेव्हा चूक सापडली. पेशींना ईजीएफ (ईआरकेला फॉस्फेट जोडायला लावणारं वाढीचं प्रथिन) दिल्यावर मी प्लेट टेबलावरच ठेवून, साध्या तापमानाच्या बफरने एकेक करून धूत होते. तेवढ्यात पेशीतल्या फॉस्फटेज एन्झाइमांनी फॉस्फेट काढून टाकलं होतं.

मोनोक्लोनल अँटिबॉडी (एकाच पेशीच्या वंशातून बनलेली) एकच एपिटोप, म्हणजे प्रथिनावरची धरायची एकच जागा, ओळखते. इथे तो एपिटोप म्हणजे ईआरके 1 वरच्या थ्रिओनिन 202 आणि टायरोसिन 204 या अमिनो आम्लांभोवतीचा फॉस्फेटयुक्त भाग. फॉस्फेटच उरलं नाही, तर बिचारी अँटिबॉडी धरणार कशाला? म्हणून वेळ झाली की प्लेट लगेच बर्फावर घ्या आणि गार बफरनेच धुवा. पेशी फोडायच्या लायसिस बफरमध्ये सोडियम फ्लोराइड आणि सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट दोन्ही हवेत. पहिलं मुख्यतः सेरिन-थ्रिओनिन फॉस्फटेज रोखतं, दुसरं टायरोसिन फॉस्फटेज. ऑर्थोव्हॅनाडेट नुसतं विरघळवून भागत नाही. पीएच 10 ला आणून, पिवळा रंग जाईपर्यंत उकळायचं. गार झाल्यावर पीएच पुन्हा 10 करायचा आणि द्रावण रंगहीन राहीपर्यंत हेच करत राहायचं. ही पायरी फार जण गाळतात. बफरमध्ये ईडीटीए (धातूचे आयन पकडून ठेवणारं) किंवा डीटीटी (क्षपणक) भरपूर असेल तर एवढ्या कष्टाने तयार केलेलं व्हॅनाडेट निकामी होतं.

पार्श्वभूमी काळी येत असेल तर पटलाची रिकामी जागा झाकायला दुधाच्या पावडरऐवजी 5 टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापरून बघा. दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फोप्रथिन आहे, फॉस्फो-अँटिबॉडी त्यालाही चिकटू शकते. एचआरपी (बँड दिसायला लावणारं एन्झाइम) जोडलेल्या अँटिबॉडीत सोडियम अझाइड मिसळू नका, एचआरपी बंद पडतं. बँड मधोमध पांढरा पडला असेल तर अँटिबॉडी किंवा प्रथिन जास्त झालंय. आणखी विरळ करा.

‘मोनोक्लोनल आहे म्हणजे नेमकीच असणार’ हा समज मला सगळ्यात घातक वाटतो. तोच किंवा तसाच एपिटोप दुसऱ्या प्रथिनावरही असू शकतो. खात्रीसाठी लायसेटचे (फोडलेल्या पेशींच्या द्रावणाचे) दोन भाग करा आणि एकावर लॅम्डा फॉस्फटेज चालवा. त्या भागातला फॉस्फो-बँड जायला हवा, एकूण ईआरकेचा (फॉस्फेट असो वा नसो) राहायला हवा. या चाचणीचं लायसेट मात्र फॉस्फटेज इनहिबिटर (वरची फॉस्फटेज रोखणारी रसायनं) आणि ईडीटीए न घालता बनवा, कारण या एन्झाइमला मँगनीज लागतं. एकूण ईआरके ओळखणारी अँटिबॉडी खरी आहे का, हे नॉकआउट, म्हणजे ईआरकेचं जनुक निकामी केलेल्या, पेशींवर कळतं.

वेस्टर्नमध्ये चालणारी अँटिबॉडी इम्युनोप्रेसिपिटेशनमध्ये (अँटिबॉडीने प्रथिन द्रावणातून ओढून काढण्याच्या पद्धतीत) चालेलच असं नाही. तिथे प्रथिन घडी न मोडता समोर येतं. शिवाय अशा ओढून काढलेल्या प्रथिनाच्या ब्लॉटवर अँटिबॉडीची स्वतःची जड साखळी 50 किलोडाल्टनपाशी, ईआरकेच्या अगदी डोक्यावर, उमटते. तेव्हा ब्लॉटसाठी दुसऱ्या प्राण्यातली प्राथमिक अँटिबॉडी घ्या, नाहीतर फक्त हलकी साखळी ओळखणारी दुय्यम (प्राथमिक अँटिबॉडीला चिकटून बँड दाखवणारी).