आठवीत संस्कृत घ्यायचं की जर्मन?

राज्य मंडळाच्या शाळांत साधारण आठवीच्या तोंडावर हा प्रश्न घरी येतो. मराठी आणि इंग्रजी ठरलेल्याच असतात, निवड उरते ती तिसऱ्या जागेची: हिंदी संपूर्ण, संस्कृत संपूर्ण, हिंदी-संस्कृत संयुक्त, आणि शाळेत शिक्षक असतील तर जर्मन किंवा फ्रेंच. पाली आणि अर्धमागधीही मंडळाच्या यादीत आहेत, पण त्या शिकवणाऱ्या शाळा शोधाव्या लागतात. धोरणं बदलताहेत, तेव्हा यंदाची विषययोजना शाळेकडून लेखी मागून घ्या. शेजारच्या ताईच्या वेळी काय होतं, यावर विसंबू नका.

‘संस्कृत स्कोअरिंग आहे’ हे वाक्य कानावर पडेलच. ते अर्धंच खरं. पेपर 100 गुणांचा, त्यात 80 लेखी आणि 20 अंतर्गत. रूप एकतर बरोबर असतं, नाहीतर चूक, तपासणाऱ्याच्या मर्जीला वाव कमी. म्हणून नेमाने अभ्यास करणाऱ्याला गुण भरभरून मिळतात, आणि त्याच कारणाने एखादा विसर्ग गळला की जातातही. संयुक्त म्हणजे अर्धा अभ्यास, हा तर निव्वळ गैरसमज. 50 गुणांची हिंदी आणि 50 गुणांचं संस्कृत म्हणजे दोन व्याकरणं, दोन पुस्तकं. संपूर्णचं ‘आमोद’ आणि संयुक्तचं ‘आनन्द’ ही पाठ्यपुस्तकं शेजारी ठेवून चाळा, मग ठरवा.

मराठी मुलांना संस्कृत सोपं जातं ते शब्दांमुळे. चुका होतात त्याही मराठीमुळेच, आणि त्या दरवर्षी त्याच असतात. पहिली ‘ला’ची. ‘रामाला पाहतो’ आणि ‘रामाला देतो’ यांत मराठी एकच प्रत्यय लावते, संस्कृतात मात्र ‘रामं पश्यति’ आणि ‘रामाय यच्छति’. वाक्य लिहिण्याआधी क्रियापद पाहून घेतलं तर ही चूक टळते.

दुसरी चूक याहून चिवट. ‘त्याने पुस्तक वाचलं’ हे मनात घोळत असतं, म्हणून मूल ‘तेन पुस्तकम् अपठत्’ लिहून मोकळं होतं. लङ् लकारात (म्हणजे ‘अपठत्’सारख्या भूतकाळी रूपात) कर्ता प्रथमेतच हवा: ‘सः पुस्तकम् अपठत्’. तृतीया ठेवायचीच असेल तर ‘तेन पुस्तकं पठितम्’. याच दोन वाक्यांत आणखी एक नियम दिसतो. पुढे व्यंजन आलं की ‘म्’चा अनुस्वार, पुढे स्वर असेल किंवा वाक्य संपत असेल तर पाय मोडका ‘म्’ तसाच. शेवटचा ऱ्हस्वही असाच निसटतो. मराठीत ‘कवी’, ‘गुरू’ लिहायची सवय, संस्कृतात ‘कविः’, ‘गुरुः’.

रूपं पाठ करताना आडवी म्हणायची, देवः देवौ देवाः, आणि लगेच न पाहता लिहायची. नुसतं म्हणून भागत नाही. ‘देवेन’ पण ‘रामेण’, ‘देवानाम्’ पण ‘नराणाम्’ हा फरक तोंडाने म्हणताना लक्षात येत नाही, लिहिताना लगेच अडतो. शब्दात आधी र, ऋ किंवा ष असला की पुढच्या ‘न’चा बहुधा ‘ण’ होतो. रोज वीस मिनिटं, एक शब्द आणि एक धातू पुरेत. रविवारी दोन तास बसून भरपाई होत नाही. रूपं चार दिवसांत विटतात.

जर्मनकडे वळणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: तीन लिंगं आपल्याला नवी नाहीत, म्हणून नामाआधी लागणाऱ्या ‘डेर, डी, डास’ या आर्टिकलना घाबरायचं कारण नाही. मात्र मराठीतलं लिंग तिथे लावू नका. मुलगी म्हणजे ‘डास मेडशेन’, चक्क नपुंसकलिंगी. वहीत प्रत्येक नाम आर्टिकल आणि अनेकवचनासकटच उतरवायचं. नुसतं नाम लिहिलं तर महिन्याभराने तेच पुन्हा शिकावं लागतं. आपल्या ‘ला’ची गाठ इथेही आहेच. माणसाला पाहिलं तर ‘डेन मान’, माणसाला दिलं तर ‘डेम मान’. द्वितीया-चतुर्थी पक्की असलेली मुलं इथे पुढे असतात. त्यामुळे शाळेत संस्कृत आणि बाहेर जर्मन ही जोडी आम्हाला उलट्या जोडीपेक्षा बरी वाटते. जर्मनचे वर्ग बाहेर सहज मिळतात, रोजच्या तासाला संस्कृत शिकवणारं कुणी शाळेबाहेर मिळणं त्या मानाने कठीण.

शाळेतल्या जर्मनचे गुण आणि भाषेची पातळी या वेगळ्या गोष्टी. पुढे उपयोग व्हायचा असेल तर मॅक्स म्युलर भवनाची, दहा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी असलेली ‘फिट इन डॉइच 1’ (ए-1, म्हणजे सर्वांत पहिली पातळी) ही परीक्षा द्यावी. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे तिचे चार भाग असतात. मुलं अडतात ती ऐकण्यात, कारण शाळेत फळ्यावरचंच जर्मन कानी पडलेलं असतं. फ्रेंचसाठी अशीच ‘डेल्फ’ आहे.

दहावीची टक्केवारी सहांपैकी सर्वोत्तम पाच विषयांवर, म्हणजे 600 ऐवजी 500 वर निघते. तेव्हा भाषेत एकदा गाडी घसरली तरी गणित-विज्ञानावर टक्केवारी तरते. अकरावीचं मात्र आधीच पाहून ठेवा: ज्या कनिष्ठ महाविद्यालयावर नजर आहे, तिथे विज्ञान शाखेला दुसरी भाषा म्हणून संस्कृत किंवा जर्मन शिकवतात का, आणि दहावीला ती नसलेल्यांना घेतात का, हे माहितीपुस्तिकेत पाहा किंवा कार्यालयात विचारा.