ग्रहांच्या पोटातलं संशोधन आणि लेझर: या वाटेला येऊ पाहणाऱ्यांसाठी

एमएस्सीची मुलं विचारतात, ग्रहांच्या अंतरंगावर काम करायचं तर खगोलशास्त्र घ्यावं का? मी म्हणतो, आधी ऑप्टिक्स आणि द्रवगतिकी पक्की करा. माझी पीएचडी रॉचेस्टर विद्यापीठातल्या ओमेगा लेझरवरची. दुर्बिणीचा त्यात काही संबंध आला नाही.

ओमेगाचे ६० झोत मिळून साधारण ३० किलोज्यूल देतात. तेवढ्यात कपभर चहाही उकळणार नाही. पण तीच ऊर्जा एखाद्या नॅनोसेकंदात मिलिमीटरभर जागेवर ओतली, की वरचा थर वाफ होऊन बाहेर उडतो आणि उलट दिशेने आत धक्कातरंग घुसतो. पृथ्वीच्या केंद्राशी दाब सुमारे ३६४ गिगापास्कल असतो. तो इथे सहज ओलांडला जातो.

अडचण वेगळीच आहे. एकच जबरदस्त धक्का दिला तर पदार्थ भलताच तापतो, ग्रहाच्या आत असेल त्याहून खूप जास्त. म्हणून खरं कसब हळूहळू दाबण्यात. अतिआयनिक बर्फाचंच घ्या, म्हणजे प्रचंड दाब आणि तापमानात पाण्याचं होणारं एक विचित्र रूप. त्याचं भाकीत १९८८ चं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या मारियस मियो आणि सहकाऱ्यांनी पाणी आधी दोन हिऱ्यांमध्ये दाबून घेतलं आणि मग ओमेगावर त्याला धक्का देऊन पहिले ठोस पुरावे मिळवले. पुढच्या वर्षी पाण्याच्या पातळ थराला एकामागोमाग धक्के देत क्ष-किरणांनी त्याची रचनाही टिपली: ऑक्सिजन जाळीत घट्ट, हायड्रोजन मात्र मोकळे फिरणारे. युरेनस-नेपच्यूनची चुंबकक्षेत्रं इतकी तिरपी का, याचा एक धागा इथे असू शकतो.

शॉटच्या, म्हणजे लेझर डागण्याच्या दिवशी लेझरला आपला हात लागत नाही. ते ऑपरेटर चालवतात. पल्स कशी हवी, कॅमेरे कधी उघडायचे, हे सगळं आधीच फॉर्ममध्ये भरून दिलेलं असतं. दोन शॉटमध्ये तासाभराचं अंतर; तेवढ्यात व्हायझारची (प्रकाशाच्या व्यतिकरणातून वेग मोजणाऱ्या उपकरणाची) पट्ट्यापट्ट्यांची प्रतिमा बघून पुढच्या शॉटची ऊर्जा बदलायची का ते ठरवायचं. तरंगाचा वेग त्या पट्ट्यांच्या सरकण्यातून निघतो. दाब आणि घनता मात्र थेट मोजता येत नाहीत, त्या शेजारी मापदंड म्हणून ठेवलेल्या क्वार्ट्झशी तुलना करून काढायच्या. आणि क्वार्ट्झही काही दगडावरची रेघ नाही! २००९ मध्ये अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेच्या झेड यंत्रावर त्याचं नव्याने मोजमाप झालं आणि ड्यूटेरियमचे (जड हायड्रोजनचे) आधीचे निकाल पुन्हा तपासावे लागले. शॉट क्षणात संपतो, विश्लेषण मात्र महिनोन् महिने चालतं. पायथन येत नसेल तर आजच शिकायला लागा.

टार्गेट, म्हणजे ज्यावर झोत मारायचा तो थराथरांचा इवला नमुना, बनवणाऱ्यांशी मैत्री ठेवा. दोन थरांमधला गोंद काही मायक्रॉन जाड झाला तरी तरंगाच्या वेळा बिघडतात. ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात नसतं, त्यांनाच ठाऊक असतं.

जागेबद्दल थोडं. लिव्हरमोरची १९२ झोतांची एनआयएफ ही लेझर सुविधा मोहक खरी, पण ती अण्वस्त्र प्रयोगशाळेत आहे. परदेशी विद्यार्थ्याला विद्यापीठातून शिरणं सोपं. हॅम्बुर्गजवळच्या युरोपियन एक्सफेल या क्ष-किरण लेझरवरही प्रस्ताव देऊन वेळ मागता येतो. परदेशी जाण्याआधी कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये किंवा इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात प्रकल्प मिळतो का बघा. तिथल्या तीव्र लेझरवरचे प्रश्न वेगळे असतात, पण निर्वात कक्ष आणि आरसे जुळवायचं काम तेच.

अर्जात 'लहानपणापासून आकाशाचं वेड' लिहू नका. व्हॅक्यूम पंप स्वतः खोलून दुरुस्त केला असेल तर ते लिहा.