अभ्यासात होतो म्हणून, की मुळातच असेक्शुअल? कसं ओळखायचं

दहावी, बारावी, सीईटी, बीएस्सी, जॅम, एमएस्सी, नेट, पीएचडी. आपल्याकडे या रांगेत असलेल्या मुलीला कोणी विचारतच नाही की बाई गं तुला कोणी आवडतं का, उलट कौतुकच, आमची पोर अभ्यास एके अभ्यास, इकडेतिकडे बघणार नाही. मग थिसिस सबमिट होतो, व्हायवा होतो, आईच्या व्हॉट्सॲपवर स्थळं यायला लागतात आणि तिशीच्या आसपास पहिल्यांदा जाणवतं की अभ्यास संपला तरी ते बाकीच्यांसारखं काही सुरू झालेलंच नाही. मी पण बायोकेमिस्ट्री करत याच वाटेने आलेय, म्हणून जे उपयोगी पडलं ते लिहितेय.

असेक्शुअल म्हणजे कोणाबद्दलच लैंगिक आकर्षण न वाटणं, किंवा अगदीच क्वचित वाटणं. ब्रह्मचर्य वेगळं, तो ठरवून घेतलेला निर्णय असतो. शरीर नीट चालतं की नाही हा तर पूर्णच वेगळा प्रश्न. कॅनडात मानसशास्त्रज्ञ लोरी ब्रोटो आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत मोजलं तेव्हा असेक्शुअल बायकांच्या शरीराचा लैंगिक उत्तेजनाला मिळणारा प्रतिसाद इतर बायकांसारखाच निघाला. त्यामुळे हस्तमैथुन करतो म्हणजे आपण असेक्शुअल नाहीच, असा निष्कर्ष काढू नका, शरीराला इच्छा होऊ शकते, फक्त ती कोणा माणसाकडे वळत नाही.

आता मुख्य मुद्दा. वेळ नव्हता म्हणून झालं नाही, की होणारच नव्हतं? सायन्सवाल्यांना हे सांगायला नको की कारण वेगळं काढायचं तर कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी तशाच परिस्थितीतला गट लागतो, आणि तो आपल्या आजूबाजूलाच असतो. तुमच्याच लॅबमधले बाकीचे आठवा, तोच गाईड, तेच तास, रविवारीसुद्धा वाढवायला ठेवलेल्या पेशींचं पोषक द्रव (मीडिया) बदलायला येणं. पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायचं मशीन) लावला की दीड-दोन तास हातात काही नसतं, त्यात जिन्यावर चहा पिता पिता लोकांचे क्रश झाले, ब्रेकअप झाले, लग्नंही जमली, आणि पेपरही निघाले. त्यांनाही वेळ नव्हताच. मग सुट्ट्या आठवा, परीक्षा संपल्यानंतरचे दिवस, किंवा २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लॅब बंद होत्या ते महिने. तेव्हा मन कुठे जात होतं? कोणाचा तरी स्पर्श हवासा वाटत होता, की नुसत्या गप्पा मारायला माणूस हवं होतं? खरं उत्तर कागदावर लिहा, कोणाला दाखवायचं नाहीये.

जुने क्रश पण तपासा. होस्टेलवर रात्री सगळ्याजणी आपापलं नाव सांगायच्या तेव्हा माझंही एक ठरलेलं असायचं, एक सिनिअर, सेमिनार फार सुंदर द्यायचा. आज विचार केला की कळतं, मला त्याचं समजावून सांगणं आवडायचं, त्याच्या जवळ जावं असं मनात कधीच आलं नाही. पण एक लक्षात ठेवा, प्रेम वाटणं आणि लैंगिक ओढ वाटणं या दोन गोष्टी सुट्या असू शकतात. अनेक असेक्शुअल लोक प्रेमात पडतात, जोडीदार हवा असतो, तर काहींना तेही नको असतं. काहींना खूप घट्ट नातं झाल्यावरच ओढ लागते, त्याला डेमिसेक्शुअल म्हणतात. घाईने एका खोक्यात बसायची गरज नाही.

डॉक्टरकडे कधी जायचं? आधी इच्छा होती आणि आता गेली, तर नक्की जा. थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन हे हार्मोन तपासून घ्या, डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही इच्छा कमी होते, पण गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टरशी बोला. पहिल्यापासूनच असं असेल आणि त्याचा स्वतःला त्रास नसेल तर हा आजार नाही. मानसिक आजारांच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात त्या २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकन पुस्तकातही म्हटलंय की स्वतःला असेक्शुअल मानणाऱ्या व्यक्तीला इच्छेच्या विकाराचं लेबल लावायचं नाही. आणि आपण एकटे पण नाही, मानसशास्त्रज्ञ अँथनी बोगार्ट यांनी २००४ मध्ये ब्रिटनमधल्या १८,००० हून जास्त लोकांच्या सर्वेक्षणातून काढलं तेव्हा साधारण १ टक्का लोकांनी कोणाबद्दलच आकर्षण वाटलं नाही असं सांगितलं होतं.

घरी सांगताना थेट आईबाबांपासून सुरुवात करू नका, आधी एखादी मावशी, आत्या, भाऊ, जे ऐकून घेईल असं माणूस बघा. आणि व्याख्या सांगत बसण्यापेक्षा साधं बोला, "आई, मला माणसं आवडतात, पण नवरा-बायकोत जे शारीरिक असतं त्याची ओढ मला कधीच लागली नाही, आणि लग्नानंतर लागेल असं म्हणून मला कोणाला फसवायचं नाहीये." लग्न झालं की सगळं आपोआप होतं, हे उत्तर येणारच, त्यावर वाद न घालता तेच वाक्य शांतपणे परत सांगा.

लग्न करायचंच असेल तर समोरच्याला आधी स्पष्ट सांगा, कांदेपोह्यांच्या दिवशी नाही, पण साखरपुड्याच्या आधी नक्की. यात कायद्याचीही बाजू आहे, सुप्रीम कोर्टाने २००७ च्या एका निकालात म्हटलंय की योग्य कारण नसताना एकतर्फी निर्णय घेऊन दीर्घकाळ शरीरसंबंध नाकारणं ही मानसिक क्रूरता ठरू शकते. दोघांनी आधी बोलून ठरवलं तर पुढे कोर्टकचेरीची वेळ येण्याची शक्यता खूप कमी होते.

आणि काउन्सेलर निवडताना अपॉइंटमेंट घ्यायच्या आधीच फोनवर विचारा, असेक्शुअल लोकांबरोबर काम केलंय का? "बघू, बरं करता येईल" असं उत्तर आलं तर दुसरा नंबर लावा. नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये कन्व्हर्जन थेरपीला, म्हणजे माणसाची लैंगिकता बदलायच्या तथाकथित उपचारांना, व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय, त्यामुळे तुम्हाला बदलून दाखवतो म्हणणाऱ्या डॉक्टरला एक रुपयाही देऊ नका. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची आयकॉल हेल्पलाईन आहे, तिथे फोनवर काउन्सेलरशी बोलता येतं, सुरुवात तिथून केली तरी चालेल.