आजी-आजोबांवर लिहिताना या चुका टाळा

आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची पुस्तिका असो, शाळेतला निबंध असो की वर्षश्राद्धाला वर्तमानपत्रात द्यायचा मजकूर, विशेषणं ठरलेली: प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ, परोपकारी. आजोबा असतील तर वर शिस्तप्रिय, आजी असेल तर सुगरण. इंदूरच्या मराठी घरांतले असे मजकूर माझ्याकडे तपासायला येतात. नाव झाकून वाचले तर कोणाचे आजोबा आणि कोणाची आजी, काही पत्ता लागत नाही.

म्हणून पहिली तपासणी ही. लिहिलेलं विशेषण शेजारच्या आजींना लावून बघा. त्यांनाही चपखल बसलं तर ते खोडा, नाहीतर त्याच्या मागे पुरावा द्या. ‘शिस्तप्रिय’ कोणीही असतं. गिरणी बंद पडल्यावरही पहिल्या पाळीच्या भोंग्याच्या वेळेला दाढी करून तयार बसणारे आजोबा एकच. (हुकूमचंद मिल १९९१ मध्ये बंद झाली. इंदुरात असे आजोबा एकापेक्षा जास्त निघतील, पण ते तुमचे नसतील.)

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो जवळजवळच्या शब्दांत. ‘आजोबा रागीट होते’ या वाक्यातून कळत काहीच नाही. राग झटकन येऊन झटकन उतरायचा तर ते तापट. राग नसतानाही तोंडावर सुनवून मोकळे व्हायचे तर फटकळ. साध्या प्रश्नालाही वाकडं उत्तर द्यायचे तर तिरसट, आणि दारात पाहुणा दिसला की कपाळाला आठी, तर तुसडे. आवाज न चढवता सगळं घर ज्यांना वचकून असायचं, ते करारी. आपलंच खरं करणारे हेकट. यातला कुठला शब्द तुमच्या आजोबांचा, हे ठरवायला त्यांच्या रागाचा एखादा प्रसंग आठवावा लागतो. शब्दकोशात बघून ते ठरत नाही.

आजीचंही तेच. भांडणात किंवा अडचणीत मागे न हटणारी ती खमकी. खाष्ट म्हणजे घरच्यांना धारेवर धरणारी, आणि हा शब्द बहुतेक वेळा सुनेच्या तोंडचा असतो. नातवाने तो लिहिला की वाचणारा चमकतो: हे तुला आईने सांगितलं की तू पाहिलंस? दोन्ही चालेल, पण कोणाच्या नजरेतून लिहिताय ते कळू द्या. पैशाच्या बाबतीत तर फारच जपा. काटकसरी हे कौतुक, हिशेबी हे अर्धं कौतुक, चिक्कू ही सरळ तक्रार. तुटपुंज्या पगारात चार मुलं शिकवणारी आजी टुकीने संसार करणारी असते. तिला ‘चिक्कू पण प्रेमळ’ लिहून ठेवलेलं मी पाहिलंय. आत्या ते वाचून काय म्हणाल्या असतील, ते विचारायची सोय नव्हती.

आता खास आपल्याकडची चूक. इंदुरात दिवसभर हिंदी बोलून रात्री मराठीत लिहायला बसलं की शब्द ओळखीचे वाटतात आणि दगा देतात. ‘आमचे आजोबा कर्मठ होते.’ लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं कामसू, कष्टाळू. मराठी वाचक समजतो, सोवळं-ओवळं आणि रूढी काटेकोर पाळणारे. ‘आजोबांनी आम्हाला चांगली शिक्षा दिली’ हे वाचून पुण्याचे नातेवाईक हबकतात. ‘आजीने माझ्यासाठी खूप चेष्टा केली’ म्हणजे प्रयत्न नव्हे, थट्टा. तिथे शिकवण आणि धडपड हे शब्द घाला. घरात खरोखर बोलला जाणारा हिंदी शब्द मात्र बोलण्यात तसाच ठेवा. आजी नातवाला ‘अरे, जरा जीरावन दे’ म्हणत असेल, तर तिच्या तोंडी ‘मसाल्याची भुकटी’ घालू नका.

दिसण्याचं वर्णन करताना सुरकुतलेले हात, बोळकं तोंड, चांदीसारखे केस हे त्रिकूट टाळा. ते वयाचं वर्णन आहे, माणसाचं नाही. शेलाटी, ठेंगणी, घाऱ्या डोळ्यांची, उभट चेहऱ्याचे, तुरुतुरु चालणारी, पोक काढून बसणारे असे शब्द मराठीत भरपूर आहेत. किरकोळ दिसणाऱ्या पण न थकणाऱ्या माणसासाठी ‘काटक’सारखा शब्द नाही.

‘होळकरशाहीतले रुबाबदार आजोबा’ लिहिण्याआधी जन्मसाल बघा. होळकर संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झालं. १९५० साली जन्मलेल्या आजोबांनी दरबार पाहिलेला नाही. तो त्यांच्या वडिलांनी पाहिला असेल. क्रिकेटवेड्या आजोबांचंही तसंच. होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला, पहिल्यांदा १९४५-४६ मध्ये. सी. के. नायडूंचा तो खेळ आजोबांनी डोळ्यांनी पाहिला की नुसता ऐकला, हे वेगळं करा. ऐकीव गोष्टी रंगवून सांगणारे आजोबा असतील तर त्यांना ‘गोष्टीवेल्हाळ’ म्हणा. तो गुण काही कमी नाही.

व्याकरणाचं थोडक्यात. आजोबांना ‘ते’ ठरलेलं. आजीला घरात ‘ती’ म्हणत असाल तर शेवटपर्यंत ‘ती’: हळवी, साधी, मोकळी. छापील पत्रिकेत ‘त्या’ हवं असेल तर विशेषणंही बदलतात: हळव्या, साध्या, मोकळ्या. ‘आजी हट्टी होत्या, पण ती मनाने हळवी होती’ या एका वाक्यात दोन आज्या झाल्या. आणि आजी हयात असेल तर ‘प्रेमळ होती’ लिहू नका. पुस्तिका छापून आली की पहिल्यांदा तीच वाचणार आहे, चष्मा पुसून, शेवटच्या पानापासून.