क्रूझवरची पंगत: रात्रीच्या जेवणाची वेळ निवडताना या चुका टाळा

क्रूझचं बुकिंग करताना केबिनवर घरात आठवडाभर खल होतो. बाल्कनी हवी की खिडकी पुरे, कितवा डेक, आईंना लिफ्ट जवळ पडेल का. त्याच अर्जात खाली ‘डायनिंग’ असा एक रकाना असतो. तो मात्र कोणीतरी घाईघाईत भरून टाकतं. केबिनमध्ये आपण झोपायला जातो, पण रात्रीच्या जेवणाला सगळं घर रोज दीड-दोन तास एका टेबलाशी बसतं. मुंबई-पुण्याच्या रोजच्या धबडग्यात हे सुख कोणाला मिळतं? म्हणून हा रकाना केबिनइतकाच विचार करून भरावा, असं मला मनापासून वाटतं.

आधी दोन पद्धती समजून घेऊ. लग्नात पहिली पंगत उठली की दुसरी बसते, तीच जहाजावरची जुनी रीत. मुख्य भोजनगृहात, म्हणजे मेन डायनिंग रूममध्ये, सगळे प्रवासी एकदम मावत नाहीत, म्हणून दोन पंगती. पहिली साधारण साडेपाच-सहाला, दुसरी आठच्या आसपास. भूमध्य समुद्रातल्या सफरींवर वेळा पुढे सरकतात आणि दुसरी पंगत नऊलाही बसते. या ठरलेल्या व्यवस्थेत टेबल तेच, वाढणारे तेच, वेळ तीच. दुसरी व्यवस्था मोकळी: भोजनगृह उघडं असेल तेव्हा या, जागा मिळेल तिथे बसा. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने 2000 साली ‘फ्रीस्टाइल’ नावाने ही पद्धत आणली आणि ठरलेल्या पंगती बंदच केल्या. रॉयल कॅरिबियनवर तिला ‘माय टाइम डायनिंग’ म्हणतात, कार्निव्हलवर ‘युवर टाइम डायनिंग’, आणि तिथे दोन्हींतून निवड करता येते. डिझ्नीची तऱ्हा वेगळी. तिथे दर रात्री रेस्टॉरंट बदलतं, पण तुमचे वेटर तुमच्याबरोबर फिरतात.

मोकळी वेळ म्हणजे वाटेल ती वेळ, असं समजू नका

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. ‘माय टाइम’ हे नाव ऐकून वाटतं, भूक लागेल तेव्हा जाऊ. पण भूक साऱ्या जहाजाला एकाच वेळी लागते. साडेसहा ते साडेसात या वेळात मोकळ्या व्यवस्थेच्या दारापाशी रांग असते. काही जहाजांवर ॲपमध्ये नाव नोंदवून टेबल रिकामं होईपर्यंत वाट पाहावी लागते. दोघांचं टेबल लवकर मिळतं, आठ-दहा जणांचं नाही, कारण मोठी टेबलं मुळात मोजकी असतात आणि तिथे बसलेली मंडळी लवकर उठत नाहीत. शिवाय दारं रात्री नऊ-साडेनऊला बंद होतात. दहाला जेवायची सवय असलेल्या घराला ही मोकळीक फार मोकळी वाटत नाही.

त्यावर उपाय आहे. मोकळी व्यवस्था घेतली तरी बहुतेक कंपन्यांच्या ॲपवर सफरीआधीच रोजची वेळ राखून ठेवता येते. सव्वासहाच्या आत किंवा आठनंतरची वेळ घ्या. पहिल्या रात्री आवडलेल्या वेटरचं नाव आणि टेबलाचा नंबर लिहून घ्या आणि पुढच्या रात्री दारातच ‘त्यांच्याच भागात बसवा’ म्हणून सांगा. रांग नसेल तर नाही म्हणत नाहीत. ॲपसाठी जहाजाच्या वायफायला जोडावं लागतं, पण त्यासाठी इंटरनेटचं पॅकेज घ्यायची गरज सहसा पडत नाही.

एक कुटुंब, तीन बुकिंग

दोन वर्षांपूर्वी आम्ही अकरा जण सिंगापूरहून पेनांग-फुकेतच्या चार रात्रींच्या सफरीला गेलो. सासू-सासरे, आम्ही चौघं, दीर-जाऊ आणि त्यांची मुलगी, नणंद आणि तिचे यजमान. आमचं आणि सासू-सासऱ्यांचं बुकिंग ठाण्यातल्या एजंटकडून झालं, दिरांनी स्वतः ऑनलाइन केलं, नणंदेने पुण्याहून. तारीख एक, जहाज एक, म्हणजे जेवण एकत्र असणारच, असं सगळ्यांनी धरून चाललं. प्रत्यक्षात आम्हा सहा जणांच्या केबिनच्या कार्डावर पहिली पंगत होती, दिरांच्या कार्डावर दुसरी आणि नणंदेकडे मोकळी वेळ. पहिल्या संध्याकाळी सूप समोर येऊनही सासूबाई चमचा उचलेनात. ‘सगळे आल्याशिवाय मी कशी सुरुवात करू?’ म्हणाल्या. सूप तसंच गार झालं. मला ती संध्याकाळ अजून टोचते, कारण एका फोनने ती वाचली असती.

जहाज कंपनीला आपलं नातं माहीत नसतं. तिच्या लेखी प्रत्येक बुकिंग क्रमांक म्हणजे वेगळं बिऱ्हाड. म्हणून तीन गोष्टी वेळेत करा. सगळ्यांचे बुकिंग क्रमांक एकत्र करून ते जेवणासाठी जोडून घ्या. ‘केबिन शेजारी’ आणि ‘टेबल एकत्र’ या दोन वेगळ्या विनंत्या आहेत. सगळ्यांनी व्यवस्था एकच निवडा, नाहीतर जोडणी होत नाही. आणि जोडणीचा लेखी कागद मागा, तोंडी ‘हो, झालं’ पुरेसं नाही. टूर कंपनीबरोबर जात असाल तर गटाला बहुतेक वेळा ठरलेलीच पंगत मिळते. पहिली की दुसरी, एवढं आधी विचारून घ्या.

आठाहून जास्त माणसं असतील तर माझं स्पष्ट मत: ठरलेली पंगत घ्या. मोठ्या घराने रोज टेबलासाठी ताटकळण्यात कसलीच मोकळीक नाही.

चूक झालीच असेल तर

चढल्या दिवशी दुपारी बहुतेक लोक आधी बुफेकडे धावतात. तुम्ही एकाने तरी आधी भोजनगृह गाठा. त्या दुपारी तिथला मुख्य, ज्याला जहाजावर मेत्र-डी म्हणतात, टेबलांचे बदल करायला बसलेला असतो. नेमकी वेळ आणि जागा त्या दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेत असते. सगळी केबिनची कार्डं घेऊन जा आणि थोडक्यात सांगा: किती जण, कोणती पंगत, कोणाला चालायला त्रास. ‘वेटलिस्ट’वर असलेल्यांचीही सोय इथेच होते, कारण न आलेल्या प्रवाशांची टेबलं तोवर कळलेली असतात. संध्याकाळी गेलात तर तोच माणूस दारात पाचशे लोकांना बसवत असतो.

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, म्हणजे अर्धा दिवस उशिराच. तरी दुसऱ्या पंगतीत शेजारशेजारची दोन टेबलं मिळाली. त्या रात्री सासूबाईंनी पोळी नसल्याची तक्रार केली आणि मला फार बरं वाटलं.

शाकाहार एकदाच सांगून होत नाही

मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियाच्या एम्प्रेस जहाजावर जैन जेवण मिळतं. तिथला अनुभव घेऊन लोक युरोप-अमेरिकेच्या जहाजावर चढतात आणि तिथेही तसंच असेल असं धरून चालतात. रॉयल कॅरिबियनसारख्या मोठ्या कंपन्यांच्या भोजनगृहात भारतीय शाकाहारी जेवणाची सोय असते, पण ते आधी कळवलेलं बरं. किती आधी, हे कंपनीगणिक बदलतं. निदान महिना-दीड महिना धरून चाला आणि जैन असाल तर त्याहून आधी. नुसतं ‘व्हेज’ लिहू नका. अंडं चालतं का, कांदा-लसूण चालतो का, बटाटा-गाजर चालतं का, हे वेगवेगळं लिहा. त्यांच्या लेखी शाकाहारात अंडं बसतं. सूप कोंबडीच्या किंवा मांसाच्या पाण्यात शिजलेलं असू शकतं, थाई भाजीत माशाचा सॉस असतो, थरथरणाऱ्या गोडात जिलेटिन असतं.

आता पंगतीचा यात काय संबंध? फार मोठा. ठरलेल्या टेबलावर पहिल्या रात्री एकदा सगळं नीट सांगितलं की तोच हेड वेटर पुढे लक्षात ठेवतो. जेवण संपताना तो दुसऱ्या दिवशीचा मेनू घेऊन येतो, तुम्ही निवडता, स्वयंपाकघराला पूर्ण दिवस मिळतो. जहाजांवर भारतीय वेटर आणि स्वयंपाकी पुष्कळ भेटतात, अनेकदा गोव्याचे आणि मुंबईचेही. ओळख झाली की मेनूत नसलेला साधा वरण-भातही कधीकधी ताटात येतो. हे प्रेम रोज नव्या टेबलावर नव्याने जमत नाही. मोकळ्या व्यवस्थेत दर रात्री नवा माणूस भेटतो आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. तिथे आयत्या वेळी सांगितलेली जैन थाळी बनायला पाऊण तास लागला तर त्यात त्याचा दोष नाही. म्हणून काटेकोर पथ्य पाळणाऱ्या घराने, माणसं दोनच असली तरी, ठरलेलं टेबल घ्यावं. मोकळीच वेळ घेतली असेल तर आदल्या रात्री निघताना दाराशी उद्याची थाळी आणि वेळ सांगून ठेवा.

उपवासाचं गणितही आधी मांडा. संकष्टी सफरीत येते का, कॅलेंडर बघा. चंद्रोदय नऊ-साडेनऊच्या पुढे गेला तर पहिली पंगत हुकते आणि मोकळ्या व्यवस्थेचीही दारं बंद होत आलेली असतात. अशा रात्री वेटरला आधी सांगा आणि उशिरापर्यंत चालणारा बुफे किंवा केबिनमध्ये जेवण मागवायची सोय, यांतलं काय उघडं असेल ते विचारून ठेवा. दिवसभराच्या फराळाला फळं, दही, दूध आणि नुसता भाजलेला बटाटा सगळीकडे मिळतो. घरचा डबा बहुतेक जहाजं चढू देत नाहीत. सीलबंद खाकरा, चिक्की, भाजके शेंगदाणे चालतात. छोटा कुकर किंवा इलेक्ट्रिक किटली नेऊ नका, आगीच्या भीतीने ती तपासणीतच काढून ठेवतात.

बंदरांच्या वेळा न बघता पंगत निवडणं

ठरलेल्या पंगतीची मी एवढी बाजू घेते, पण काही सफरींवर ती खरोखर अडते. जहाज रोज नव्या बंदरात, तेही संध्याकाळ उलटेपर्यंत थांबणार असेल तर सहाची पंगत म्हणजे सहलीवर पाणी. ग्रीसच्या सँतोरिनी बेटावर उन्हाळ्यात इया गावातला प्रसिद्ध सूर्यास्त साडेआठच्या सुमारास होतो, आणि तिथे जहाज धक्क्याला लागत नाही, लहान बोटीतून परतावं लागतं. अलास्कात जुनोला व्हेल पाहायला गेलेली बोट संध्याकाळी उशिरा परत येऊ शकते. तिथे मोकळी वेळ किंवा दुसरी पंगत घ्या. याउलट समुद्रावरचेच दिवस जास्त असतील तर पहिली पंगत छान, जेवून मोठ्यांना शांतपणे कार्यक्रमाला जाता येतं. कंपन्या नाटक-गाण्यांच्या वेळा दोन्ही पंगतींशी जुळवूनच लावतात. मोकळ्या वेळेवाल्यांना ते गणित स्वतः जमवावं लागतं.

एखाद्या रात्री पंगतीला जाणार नसाल, पैसे देऊन खास रेस्टॉरंटमध्ये जेवणार असाल, तर आदल्या रात्री वेटरला सांगा. दंड नाही, पण तो तुमच्यासाठी बाकीच्या टेबलाचं वाढप थांबवून बसतो.

फोनवरच्या घड्याळावर भरवसा

फुकेत सिंगापूरच्या एक तास मागे आहे. बंदरात पोचलं की फोन तिथली वेळ दाखवू लागतो, पण जहाज सिंगापूरचीच वेळ पाळत असेल तर तुमची आठची पंगत तुमच्या फोनवर सातला बसते. जहाजाची वेळ कोणती, हे रोजच्या पत्रिकेत छापलेलं असतं. मनगटी घड्याळ लावा आणि ते जहाजाच्या वेळेवर ठेवा.

मधुमेह आणि लहान मुलं

बसल्या बसल्या ताट समोर येत नाही. टेबलावर बसल्यापासून पहिला पदार्थ यायला वीस मिनिटं सहज जातात, मुख्य जेवणाला त्याहून बरीच जास्त. जेवणाआधी इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवायलाच हवं. किती वाजता घ्यायचं ते निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून ठरवा, आणि बसताक्षणी ब्रेड व सूप लगेच आणायला सांगा. जेवणाची वेळ रोज एक असणं अशा माणसासाठी मोठा आधार आहे. मोकळ्या वेळेतली अर्ध्या तासाची रांग त्यांच्यासाठी नुसता कंटाळा नसतो.

लहान मुलांसाठी पहिली पंगत. दुसऱ्या पंगतीत गोड येईपर्यंत साडेनऊ होतात आणि मूल खुर्चीवर झोपतं. ते जमत नसेल तर मुलांना सहाला बुफेत भरवा आणि नंतर टेबलावर आईस्क्रीमपुरतं बसवा.

शेवटच्या रात्रीचं एक राहिलं. उतरण्याच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा साधारण दहा-अकराच्या आत केबिनबाहेर ठेवायच्या असतात. दुसऱ्या पंगतीची मंडळी टेबलावरून उठतात तेव्हा दहा वाजत आलेले असतात. म्हणून त्या दिवशी बॅगा जेवणाआधीच भरा, उद्याचे कपडे आणि औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, आणि वेटरला द्यायचं पाकीट खिशात घेऊनच खाली जा. टीप रोज खात्यात आपोआप लागत असली तरी आजींसाठी चार रात्री भाताचं भांडं आठवणीने आणणाऱ्या त्या मुलाला आपल्या हाताने काही द्यावंसं वाटतंच, आणि सकाळी तो तुम्हाला सापडणार नाही.