लिव्ह अँड लायसन्स करारातल्या अटी: या चुका टाळा

करारावर सही करताना भाडं, डिपॉझिट आणि तारखा सगळेच तपासतात. भांडणं होतात ती मागच्या पानांवरच्या अटींवरून. अट लिहिलेली असते, पण ती कोणावर, कधीपासून आणि मोडली तर किती रुपये, यातलं एखादं उत्तर गाळलेलं असतं. (कायद्याच्या भाषेत राहणारा लायसन्सी असतो, भाडेकरू नव्हे. बोलताना सगळे भाडेकरूच म्हणतात, इथेही तसंच.)

लॉक-इन आणि नोटीस

‘लॉक-इन 6 महिने, नोटीस 1 महिना’ एवढंच लिहून थांबणं ही सर्वांत महागडी चूक. (लॉक-इन म्हणजे करार मध्येच सोडता येत नाही असा सुरुवातीचा काळ.) समजा, करार 1 जूनला सुरू झाला. भाडेकरू म्हणतो, 31 ऑक्टोबरला नोटीस दिली की 30 नोव्हेंबरला मी मोकळा. मालक म्हणतो, लॉक-इन संपल्याशिवाय नोटीसच देता येत नाही, म्हणजे 31 डिसेंबर. दोन्ही अर्थ निघतात, आणि भाडं 20,000 असेल तर वाद 20,000 चा. म्हणून सरळ लिहा: ‘नोटीस लॉक-इनच्या काळातही देता येईल, मात्र 30 नोव्हेंबरपूर्वी जागा सोडता येणार नाही.’ उलट ठरलं असेल तर उलट लिहा. लॉक-इन दोघांवर आहे की फक्त भाडेकरूवर, तेही लिहा. मालकावर नसेल तर तो तिसऱ्या महिन्यातही घर रिकामं करायला सांगू शकतो.

लॉक-इन मोडल्यास ‘उरलेलं सर्व भाडं द्यावं लागेल’ असं अनेक नमुन्यांत असतं. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार ठरलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. न्यायालय तिच्या आत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देतं.

डिपॉझिट

‘मुदत संपल्यावर परत मिळेल’ यात तारीख नाही. ‘ताबा देतानाच, त्याच दिवशी’ असं लिहा. विजेचं शेवटचं बिल यायचं असेल तर तेवढ्यापुरतीच ठरावीक रक्कम, उदाहरणार्थ 2,000, मागे ठेवावी. ‘नुकसान झाल्यास कपात’ ही अटही अपुरीच. फिका पडलेला रंग ही झीज, फुटलेलं बेसिन हे नुकसान. रंगकामाचे पैसे कापायचे ठरले असतील तर आकडा आधीच करारात घाला. गीझर, पंखे, एसी यांची यादी आणि ताब्याच्या दिवशीचं मीटर रीडिंग करारासोबत जोडा.

‘11 महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला?’

महाराष्ट्रात हा समज चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. शिवाय 3 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

नूतनीकरण

‘परस्परसंमतीने नूतनीकरण’ या शब्दांनी कुणालाच हक्क मिळत नाही. हक्क हवा असेल तर कधीपर्यंत कळवायचं आणि भाडं किती टक्क्यांनी वाढेल, हे लिहा. त्यानंतर नवा करारही नोंदवावाच लागतो. मुदत संपूनही राहिलात तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 24 खाली मालकाला राहत्या घरासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते.

मेंटेनन्स

‘मेंटेनन्स भाडेकरूचा’ म्हणजे नेमकं काय? सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी सोसायटी साठवते तो निधी, मालकाने भरायला हवा. मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी जे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते, ते कोणी भरायचे हेही नमूद करा. त्यांची मर्यादा सेवा शुल्काच्या 10 टक्के आहे. त्याहून जास्त आकारणी आली तर सोसायटीकडे लेखी हरकत घ्या.

सही झाल्यावर चूक लक्षात आली तर

‘एजंट तोंडी म्हणाला होता’ हे टिकत नाही. लेखी अटीच्या विरुद्ध जाणारा तोंडी करार पुरावा म्हणून सहसा चालत नाही. व्हॉट्सॲपवरच्या ‘ओके’वरही विसंबू नका. नोंदणीकृत करारातली अट बदलायची तर पूरक करार करून तोही नोंदवावा लागतो. त्यात मूळ दस्ताचा क्रमांक, तारीख, जुनी अट आणि तिच्या जागी येणारी नवी अट शब्दशः घाला.